स्वतः बांधलेल्या विमानातील रोटरी इंजिनासाठी इंजेक्टर: दोन मोठे की चार लहान?

वाळूजकर | १ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो आणि गेली चार वर्षे सुट्टीच्या दिवशी दोन आसनी, धातूच्या पत्र्याचे विमान बांधत आहे. सांगाडा आणि पंख झाले आहेत. इंजिन म्हणून माझदा या जपानी मोटार कंपनीचे १३-बी घेतले आहे. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घनसेंमी, असे हे वांकेल पद्धतीचे (पिस्टनऐवजी तीन कोनांचा रोटर फिरणारे) इंजिन सध्या पैठण रस्त्यावर माझ्या मामांच्या शेतातल्या शेडमध्ये लोखंडी स्टँडवर बसवलेले आहे. २.८५ ला १ असा गिअर लावून त्यावर पंखाही (प्रोपेलर) चढवला आहे. विमान अजून जमिनीवरच आहे आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीवाचून ते जमिनीवरच राहील, त्यामुळे हा प्रश्न सध्या स्टँडपुरता आहे.

इंजिनाबरोबर मिनिटाला ४६० घनसेंमी क्षमतेचे चार जुने इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या विजेवरच्या झडपा, आले. दोन प्राथमिक, जे मधल्या बिडाच्या हाउसिंगमध्ये बसतात, आणि दोन दुय्यम, जे इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांवर, बसतात. त्यांपैकी एक बंद असतानाही ठिबकतो. चारही बदलायचेच असतील तर जुनी मांडणी कशाला ठेवावी, असा विचार मनात आला. प्रत्येक रोटरला १,००० घनसेंमीचा एकच नवा इंजेक्टर दिला, तर चाराऐवजी दोन कनेक्टर, चाराऐवजी दोन ओ-रिंगच्या जागा आणि वायरिंगही निम्मे होते. विमानात जेवढ्या वस्तू कमी, तेवढ्या बिघडण्याच्या जागा कमी, असे मला वाटते. ज्यांनी इंजेक्शनचे काम केले आहे त्यांनी हा विचार तपासून द्यावा.

अजिंठा_९६ | १ मार्च, रात्री १०.०५

इंजेक्टरच्या आधीचा प्रश्न विचारतो. एवढा खटाटोप करण्याऐवजी रोटॅक्स ९१२ का नाही? ते इंजिन विमानासाठीच बनवलेले आहे.

वाळूजकर | १ मार्च, रात्री १०.३०

@अजिंठा_९६, प्रश्न रास्त आहे. रोटॅक्स ९१२ च्या साध्या आवृत्त्या ८० ते १०० हॉर्सपॉवरच्या आहेत आणि माझा सांगाडा १६० ते १८० हॉर्सपॉवरसाठी आखलेला आहे. त्या ताकदीचे लायकमिंग हे विमानाचे पिस्टन इंजिन नवे घेणे मला परवडत नाही. शिवाय रोटरीला व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. हलणारे मुख्य भाग म्हणजे दोन रोटर आणि एक एक्सेंट्रिक शाफ्ट. माझ्यासारख्या माणसाला ते उघडून, मोजून, पुन्हा बसवता येते, हे माझ्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

बीड_बायपास | १ मार्च, रात्री ११.१२

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची इंजिने रोटरी होती असे वाचले आहे. ती हीच का?

वायुसैनिक_परभणी | २ मार्च, सकाळी ६.२०

नाही बाळा, ती वेगळी. नोम आणि ल रोन या फ्रेंच इंजिनांत क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बसवलेला असे आणि सिलिंडरांसह सगळे इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरत असे. त्यांना वंगण म्हणून एरंडेल तेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. वांकेलचे इंजिन पुष्कळ नंतरचे. फेलिक्स वांकेल यांचे पहिले नमुना इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ साली चालले. माझदाने ते १९६७ च्या कॉस्मोपासून २०१२ मध्ये थांबलेल्या आरएक्स-८ पर्यंत सातत्याने गाड्यांत दिले, आणि १९९१ साली चार रोटरच्या इंजिनावर ल मां ची चोवीस तासांची शर्यतही जिंकली. माझदाच्या या इंजिनाचे बाहेरचे घर फिरत नाही, आतला तीन कोनांचा रोटर फिरतो.

वाळूजकर, तुमच्या मूळ प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, पण आधी आकडे येऊ द्या.

गोदाकाठ | २ मार्च, दुपारी १.१५

मी नांदेडला अभियांत्रिकी महाविद्यालयात आय.सी. इंजिन शिकवते. वायुसैनिक काका आकडे मागत आहेत, तर तिथूनच सुरुवात करू.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच इंधन घेतो. वांकेलमध्ये रोटर शाफ्टच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो, पण त्याला तीन बाजू असल्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरमध्ये एक ज्वलन होते. म्हणून १३-बी चा ज्वलनाचा ताल चार सिलिंडरी, चार स्ट्रोकच्या इंजिनासारखा असतो. पण इंजेक्टरच्या बाजूने पाहिले तर महत्त्वाचा फरक पडतो. शाफ्टचे मिनिटाला ६,००० फेरे असताना एका फेरीला १० मिलिसेकंद मिळतात आणि इंजेक्टरने आपले काम तेवढ्यातच उरकायचे असते. पिस्टन इंजिनात त्याच वेगाला २० मिलिसेकंद मिळाले असते. इंजेक्टर उघडायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, त्याला डेड टाइम म्हणतात. तो पिस्टन इंजिनात पाच टक्के वेळ खातो, रोटरीत दहा टक्के. इंटरनेटवरची इंजेक्टर मोजण्याची तयार कोष्टके पिस्टन इंजिन गृहीत धरतात, म्हणून त्यांचे उत्तर जसेच्या तसे घेऊ नये.

आता एकूण इंधन. पूर्ण ताकदीला रोटरी दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २५० ग्रॅम पेट्रोल घेते असे धरा. विमानाच्या पिस्टन इंजिनापेक्षा हे जास्त आहे, आणि ती रोटरीची खरी किंमत आहे. १८० हॉर्सपॉवरला तासाला ४५ किलो, म्हणजे सुमारे ६१ लिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १,०१५ घनसेंमी झाले. चार ४६० चे मिळून १,८४० होतात. दोन १,००० चे २,०००. आकड्यांनी पाहिले तर दोन्ही मांडण्या पुरेशा आहेत.

मांजरा_काठ | २ मार्च, सायंकाळी ७.५०

गोदाकाठ ताईंचे गणित शुद्ध पेट्रोलचे आहे. आता पंपावर मिळते ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. मी धाराशिव जिल्ह्यात आसवनीत रसायनतज्ज्ञ आहे, हेच इथेनॉल आम्ही तयार करतो, त्यामुळे हे सांगणे माझे काम आहे.

पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिश्रणात हे प्रमाण सुमारे १३.५ वर येते. तेवढ्याच हवेसाठी इंधनाचे आकारमान सात ते आठ टक्क्यांनी वाढवावे लागते. म्हणून १,०१५ चे १,०९० धरा. इंजेक्टर काठावर मोजून घेतला असेल तर हीच वाढ त्याला पुरी पडत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषते. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून विमान दोन महिने उभे राहिले आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. टाकीतला उपसा तळाजवळूनच होतो, म्हणजे इंजेक्टरकडे पहिल्यांदा तोच थर जातो. ओ-रिंग साध्या नायट्राइल रबराच्या न घेता व्हिटॉनच्या घ्याव्यात. जुन्या इंजेक्टरबरोबर आलेल्या ओ-रिंग तर वापरूच नयेत.

जालना_पंपनोझल | २ मार्च, रात्री ९.०५

वाळूजकर साहेब, तुमचा ठिबकणारा इंजेक्टर टाकून देण्याआधी एकदा बेंचवर लावून बघा. जालन्यात आमचे ट्रॅक्टरच्या पंप-नोझलचे दुकान आहे आणि पाच वर्षांपूर्वी पेट्रोल इंजेक्टरचेही बेंच घेतले. डिझेलच्या नोझल टेस्टरवर पेट्रोलचा इंजेक्टर कोणी लावू नका. डिझेलचे नोझल १८०-२०० बारच्या आसपास उघडते आणि तुमचा इंजेक्टर ३ बारवर चालतो. पेट्रोलच्या बेंचला रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, असते, खाली मापाच्या काचेच्या नळ्या असतात आणि पल्सचा वेग बदलता येतो.

बेंचवर तीन गोष्टी बघायच्या. दाब देऊन इंजेक्टर बंद ठेवायचा आणि दोन मिनिटे टोकाकडे बघत राहायचे, थेंब धरता कामा नये. मग फवारा बघायचा, शंकू सरळ हवा, एका बाजूला धार नको. शेवटी सगळे एकदम ३० सेकंद उघडे ठेवून नळ्यांत किती जमा झाले ते वाचायचे. गाडीत चार सिलिंडरांत एक पाच टक्के कमी असला तर गिऱ्हाईक येऊन सांगतो की आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा मंद वेग) जरा हलते. तुमच्या इंजिनात काय होईल हे मला नीट माहीत नाही, जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ | २ मार्च, रात्री ९.४०

@जालना_पंपनोझल, भाऊ, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले. एक रोटर म्हणजे अर्धे इंजिन. त्याला इंधन पाच-सात टक्के कमी पडले की तो रोटर लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालतो, आणि पूर्ण थ्रॉटलला लीन चाललेल्या रोटरमध्ये डिटोनेशन (मिश्रणाचा एकदम स्फोट) झाले तर पहिला घाव एपेक्स सीलवर बसतो. रोटरच्या टोकावरची ती दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी तडकते. पिस्टन इंजिनासारखे ते जागच्या जागी अडकून पडत नाही, कमी ताकदीवर रडतखडत चालत राहते. विमानात ही गोष्ट मोलाची असली तरी इंजिन मात्र उघडावेच लागते. म्हणून चारही इंजेक्टर एकमेकांच्या दोन टक्क्यांच्या आत जुळलेले असावेत, असा माझा आग्रह आहे.

वायुसैनिक_परभणी | ३ मार्च, सकाळी ५.५५

आता माझे म्हणणे मांडतो. एकवीस वर्षे मी वायुदलात इंजिन फिटर होतो.

वाळूजकर, “जेवढ्या वस्तू कमी तेवढ्या बिघडण्याच्या जागा कमी” हे तुमचे वाक्य अर्धे खरे आहे. वस्तू कमी केल्याने बिघाडाची शक्यता कमी होते, हे मान्य. पण बिघाड झाल्यावर हाताशी काय उरते, हा प्रश्न त्यात येत नाही. जमिनीवर गाडी कडेला लावता येते. गंगापूरच्या बाजूला हजार फुटांवर असताना कडेला काय लावणार?

इंजेक्टर दोन प्रकारे बिघडतो. एकतर तो बंद राहतो, किंवा उघडा राहतो. दोन मोठ्यांच्या मांडणीत एक बंद राहिला की एक रोटर पूर्ण गेला. उरलेल्या एका रोटरला आपली ताकद तर द्यायचीच, वर मेलेल्या रोटरलाही ओढायचे. चारांच्या मांडणीत एक बंद राहिला तर त्याची जोडी बंद करून दुसऱ्या जोडीवर दोन्ही रोटर चालवता येतात. उघडा राहिलेला इंजेक्टर मला त्याहून जास्त भीतिदायक वाटतो. कोणीतरी त्याचा हिशेब मांडून दाखवावा. माझा अंदाज आहे की उत्तर त्यातच आहे.

वाळूजकर | ३ मार्च, रात्री ८.३०

काका, कारखान्यातून आल्यावर वही घेऊन बसलो. मांजरा_काठ यांचे ई-२० चे आकडे धरले आहेत.

आधी बंद पडलेला इंजेक्टर. ४६० ची एकच जोडी उरली, शाफ्ट ६,००० वर. दहा मिलिसेकंदांपैकी साडेआठच वापरायचे ठरवले आणि त्यातून एक डेड टाइमचा वजा केला, तर साडेसात उरतात. दोन्ही मिळून मिनिटाला ६९० घनसेंमी. गोदाकाठ ताईंच्या सूत्राने उलटे मोजले तर ते सुमारे ११४ हॉर्सपॉवरला पुरते. माझ्या विमानाला सपाट उडायला याहून पुष्कळ कमी ताकद लागते. म्हणजे एका जोडीवर मी नुसता उडत राहणार नाही, चढूही शकेन.

आता उघडा राहिलेला. क्रूझला, म्हणजे सपाट प्रवासात, १०० हॉर्सपॉवर, म्हणजे एका रोटरला ५०. त्या रोटरची गरज मिनिटाला सुमारे ३०३ घनसेंमी. त्यात १,००० चा इंजेक्टर सताड उघडा राहिला तर गरजेच्या तिप्पटीहून जास्त पेट्रोल आत ओतले जाते. तो रोटर भिजून बंद पडणारच, कितीही थ्रॉटल उघडा. ४६० चा उघडा राहिला तर दीडपट. इंजिन खडखडेल, धूर सोडेल. पण त्या रोटरचा दुसरा इंजेक्टर बंद केला आणि थ्रॉटल पुढे सारला तर? पूर्ण थ्रॉटलला एका रोटरची गरज ५४५ आहे. ४६० त्याच्याही आतच येतात. मधे कुठेतरी हवा आणि पेट्रोल जुळते आणि तो रोटर पुन्हा जळू लागतो.

हा आकडा पाहून मी बराच वेळ वहीकडे बघत बसलो होतो. इंजेक्टर इतका लहान हवा की तो सताड उघडा राहिला तरी रोटरच्या पूर्ण गरजेपेक्षा जास्त देऊ शकणार नाही, आणि इतका मोठा हवा की त्याची एकच जोडी विमान घरी आणेल. या दोन अटींमध्ये ४६० बरोबर बसतो. माझा दोन मोठ्यांचा विचार मी मागे घेतो.

लातूर_विस्कॉन्सिन | ३ मार्च, रात्री ११.४८

वाळूजकर, तुमचा हिशेब वाचून मनापासून आनंद झाला. मी मूळचा लातूरचा. आता विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि ऑशकॉशला दर जुलैत भरणाऱ्या ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेच्या मेळाव्याला जातो. इथल्या हँगरमध्ये आम्ही तिघांनी मिळून १३-बी वर चालणारे विमान बांधले आहे. इंजिन प्रमाणित नसल्यामुळे आम्हांला ते सुरुवातीला चाळीस तास ठरलेल्या हद्दीत उडवावे लागले. त्या चाळीस तासांत आम्ही जे शिकलो, त्यातली एक गोष्ट इंजेक्टरशी थेट जोडलेली आहे.

नवव्या की दहाव्या तासाला धावपट्टीवर टॅक्सी करताना इंजिन मध्येच गुदमरू लागले. दोन्ही रोटरच्या एक्झॉस्टचे तापमान चढले. आम्ही पेट्रोलमधला कचरा शोधला, फिल्टर उघडले, काही सापडले नाही. शेवटी लक्षात आले की अल्टरनेटरचा पट्टा सैल झाला होता आणि व्होल्टेज १४ वरून साडेदहापर्यंत घसरले होते. व्होल्टेज पडले की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो. इंजेक्टर चालवणाऱ्या आमच्या कंट्रोलरमध्ये त्याची भरपाई होती, पण तिचे कोष्टक दुसऱ्या इंजेक्टरचे भरलेले होते, कारण आम्ही इंजेक्टर बदलले आणि कोष्टक बदलले नाही. क्रूझला इंजेक्टर खऱ्या अर्थाने ४ मिलिसेकंद वाहत असेल आणि डेड टाइम ०.६ ने वाढला, तर मिश्रण पंधरा टक्के लीन होते.

म्हणून इंजेक्टर निवडताना त्याच्याबरोबर निरनिराळ्या व्होल्टेजचे डेड टाइमचे आकडे मिळतात का, हे आधी विचारा. आकडे नसलेला स्वस्त इंजेक्टर कितीही चकचकीत असला तरी घेऊ नका. आणि जास्त रोधाचे, म्हणजे १२ ते १६ ओहमचे घ्या. जुन्या माझदात दोन-तीन ओहमचे इंजेक्टर येत, त्यांना वेगळा रेझिस्टर पॅक किंवा खास ड्रायव्हर लागतो. ती एक गरम होणारी पेटी आणि तिचे जोड तुमच्या विमानातून कायमचे कमी होतील. तुमची वस्तू कमी करण्याची हौस इथे भागवा.

अजिंठा_९६ | ४ मार्च, सकाळी ८.१०

सगळे म्हणतात मोठा इंजेक्टर घेतला तर आयडल बिघडते. वाळूजकरांनी १,००० चा विचार सोडला तो त्या कारणाने नाही, हे मला विशेष वाटले. आयडलचा मुद्दा खरा आहे की नुसता चालत आलेला समज?

गोदाकाठ | ४ मार्च, दुपारी १२.४०

जुन्या इंजेक्टरांच्या काळात तो खरा होता. वाळूजकर, स्टँडवर आयडलला इंधन किती जाते ते मोजले आहे का?

वाळूजकर | ४ मार्च, दुपारी १.०५

हो ताई. पंख्यासह १,५०० फेऱ्यांवर तासाला ५ लिटर.

गोदाकाठ | ४ मार्च, दुपारी १.३०

म्हणजे मिनिटाला ८३ घनसेंमी. १,५०० फेऱ्यांवर एका फेरीला ४० मिलिसेकंद मिळतात. दोन ४६० वर हे काम ३.६ मिलिसेकंदांचे, दोन १,००० वर १.७ चे. आजचे चांगले इंजेक्टर १.७ लाही बऱ्यापैकी नेमके वाहतात, त्यामुळे तुमच्यासाठी आयडल हे निर्णायक कारण नव्हते. गाडीचे इंजिन ८०० वर आयडल करते म्हणून तिथे हा प्रश्न जास्त टोचतो. विमानात पंखा असल्यामुळे आयडल वरच राहते.

यातूनच एक सूचना पुढे येते. माझदाच्या मूळ मांडणीत आयडलला फक्त प्राथमिक जोडी चालते आणि भार वाढला की दुय्यम जोडी जागी होते. त्या क्षणी मॅनिफोल्डच्या कोरड्या भिंती आधी भिजतात आणि इंजिन क्षणभर अडखळते. तुम्ही चारही ४६० आयडलपासूनच एकत्र चालवले तर प्रत्येकाला १.८ मिलिसेकंदांचे काम पडेल. ते जमण्यासारखे आहे, आणि जोडी बदलण्याचा तो क्षणच नाहीसा होतो.

लातूर_विस्कॉन्सिन | ४ मार्च, रात्री ११.२०

ताईंच्या सूचनेला माझी एक हरकत आहे. चारही कायम चालत असतील तर त्यांतला एक हळूहळू तुंबत गेला तरी वैमानिकाला कळणार नाही. टप्प्याने चालणाऱ्या मांडणीत आयडललाच प्राथमिक जोडीतला दोष दिसतो. आम्ही म्हणूनच टप्प्याची मांडणी ठेवली. जोडी बदलते तो बिंदू मात्र उतरतानाच्या थ्रॉटलपासून दूर नेला, म्हणजे अंतिम टप्प्यात इंजिन त्या बिंदूभोवती घुटमळत नाही.

वायुसैनिक_परभणी | ५ मार्च, सकाळी ६.०५

दोघांचे म्हणणे एकत्र बांधता येते. पिस्टनच्या विमानात उड्डाणाआधी मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांची, तपासणी करतात. डावा बंद, उजवा बंद, फेरे किती पडले ते बघायचे. तशीच तपासणी इंजेक्टरच्या जोड्यांची करा. दोन जोड्यांना दोन वेगळे स्विच, दोन वेगळे फ्यूज आणि जमल्यास दोन वेगळ्या बॅटऱ्यांकडून येणारी वीज द्या. धावपट्टीच्या तोंडाशी ठरावीक फेऱ्यांवर प्राथमिक जोडी बंद करा, मिश्रण जुळवा, दोन्ही रोटरची एक्झॉस्ट तापमाने वाचा. मग दुय्यम बंद करून तेच करा. तुंबलेला इंजेक्टर त्याच्या रोटरचे तापमान बदलून स्वतःच ओळख देईल. मग आकाशात ताईंच्या म्हणण्याप्रमाणे चारही एकत्र चालवा. स्विचची जागा अशी ठेवा की डोळे मिटून हात जाईल, आणि कोणता बंद केला आहे हे हाताला कळेल.

बालाघाट | ५ मार्च, सकाळी १०.३०

आकड्यांत आपल्या हवेचा विचार कोणी केलेला दिसत नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे. मे महिन्यात ४२ अंश असताना तिथली हवा १,७०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिनाची ताकद पंधरा टक्क्यांनी घटते. १८० ची १५० होतील, मग १८० साठी इंजेक्टर कशाला मोजायचा?

वायुसैनिक_परभणी | ५ मार्च, सकाळी ११.१५

कारण डिसेंबरमधल्या पहाटेही उडायचे असते. गारठ्याच्या दाट हवेत इंजिन जास्त हवा ओढते आणि तेव्हाच इंधन कमी पडले तर रोटर लीन होतो. इंजेक्टर थंडीसाठी मोजावा आणि इंधनाची वाट उन्हाळ्यासाठी बांधावी.

मांजरा_काठ | ५ मार्च, दुपारी ३.२०

काकांच्या शेवटच्या वाक्याला पुस्ती जोडतो. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलचा बाष्पदाब थोडा वाढतो. प्राथमिक इंजेक्टर मधल्या बिडाच्या हाउसिंगमध्येच बसतात. इंजिन बंद केल्यावर पाणीही फिरत नाही आणि वाराही लागत नाही, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटे इंजेक्टर सर्वांत जास्त तापतात. तेवढ्यात पुन्हा इंजिन सुरू करायला गेलात तर रेलमध्ये वाफ असते. पेट्रोल रेलमधून पुढे जाऊन टाकीकडे परत येणारी नळी ठेवा. स्टार्टरला हात लावण्याआधी पंप अर्धा मिनिट चालवला की गरम पेट्रोल आणि वाफ परत जाते आणि रेल थंड होते. परत न येणारी, बंद टोकाची रेल मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वापरू नये.

बीड_बायपास | ५ मार्च, सायंकाळी ६.००

रोटरला वंगणासाठी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळतात असे ऐकले. त्याने इंजेक्टर तुंबत नाहीत का?

लातूर_विस्कॉन्सिन | ५ मार्च, रात्री ११.३०

आम्ही मिसळतो. अमेरिकन गॅलनला एक औंस, म्हणजे १ ला १२८. तीस लिटरला साधारण २३५ मिलिलिटर पडते. त्यामुळे इंजेक्टर तुंबल्याचे आम्हांला कधी दिसले नाही. तुंबतात ते टाकीतल्या सीलंटच्या कपच्यांनी आणि नव्या नळ्या कापताना आत राहिलेल्या रबराच्या भुग्याने. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी आणि पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर द्या. पहिल्या पाच तासांनंतर फिल्टर कापून आत बघा.

वाळूजकर | २३ मार्च, रात्री १०.१०

मंडळी, तीन आठवड्यांनी येत आहे. जास्त रोधाचे, व्होल्टेजच्या कोष्टकासह ४६० चे नवे पाच इंजेक्टर मागवले आणि रविवारी जालन्याला जाऊन बेंचवर लावले. सोबत जुने चारही नेले होते.

जुन्यांचे आधी सांगतो. ३ बारवर ३० सेकंदांत तीन नळ्यांत २२८ ते २३१ घनसेंमी जमले आणि चौथीत २१४. ठिबकणारा तो नव्हताच. ठिबकणारा २३० देत होता. म्हणजे इतके दिवस मी ज्याला चांगला समजत होतो, तोच सात टक्के कमी देत होता आणि माझा मागचा रोटर लीन चालवत होता. स्टँडवर मी त्या रोटरचे तापमान जास्त बघितले होते आणि सेन्सरची चूक समजून सोडून दिले होते. काचेच्या त्या नळीत पातळी बोटभर खाली थांबलेली पाहिली तेव्हा पोटात गोळा आला.

नव्या पाचांत २३१, २२९, २३२, २३० आणि २२५ आले. २२५ चा बाजूला ठेवला. प्राथमिक जोडीत पुढच्या रोटरला २३१ आणि मागच्याला २३२ देत आहे, दुय्यम जोडीत पुढच्याला २३० आणि मागच्याला २२९. दोन्ही रोटरची बेरीज ४६१ येते. चारही एकत्र चालवणार, जोड्यांचे स्विच आणि फ्यूज वेगळे, परतीची नळी टाकीपर्यंत. काकांची जोडी-तपासणी स्टँडवर प्रत्येक वेळी करून वहीत आकडे लिहीत जाईन.

जालना_पंपनोझल | २३ मार्च, रात्री १०.४५

साहेब, प्रत्येक इंजेक्टरच्या कॉलरवर ऑइल पेंटने खूण करून त्याची जागा वहीत लिहा, म्हणजे काढले तरी अदलाबदल होणार नाही. आणि स्टँडवर पंचवीस तास झाले की ई-२० वर चाललेले चारही परत बेंचवर लावू. त्या दिवशीचे आकडे लिहिलेला कागद माझ्या दुकानात बेंचच्या मागे चिकटवून ठेवला आहे.